जुन्नरचे डोंगर

जुन्नर म्हटले की शिवनेरी, आणि शिवनेरी म्हटली की १६३० सालचा शिवजन्म. आपले मन तेथे थांबते, आणि ते साहजिकच आहे. पण त्याच कड्याच्या पोटात शिवजन्माच्या चौदा-पंधराशे वर्षे आधीची बौद्ध भिक्षूंची घरे आहेत. मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्रि हे भोवतालचे डोंगरही तसेच कोरलेले. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात अन्यत्र नाहीत. मोजदाद दोनशेच्या घरात जाते.

भिक्षू एकांतासाठी डोंगरात गेले असे आपण ऐकत आलो आहोत. जुन्नरपुरते आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाट चढून आला की तो याच खोऱ्यात उतरे. एकांत हवा होता खरा, पण भिक्षेच्या अंतरावरचा!

पैसा कोणाचा होता, हे भिंतीच सांगतात. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी मानमोडीवर पाण्याची पोढी आणि मंडप दिला. परंतु असे राजपुरुष येथे थोडेच. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे, शिवनेरीवरील चैत्यगृह वीरसेनक नावाच्या गृहपतीचे. त्याने ते सर्व लोकांच्या हितसुखासाठी दिले. धान्यविक्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. बुरूडकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव असे. यवनही मागे नव्हते: इरिलाने टाकी दिली, चिताने भोजनमंडप दिला, आणि चंदाने मानमोडीच्या भूतलेण्यात दर्शनी भाग घडवला, त्याच्या कमानीत हत्तींसह लक्ष्मी उभी आहे. परदेशी दाता, बौद्ध चैत्य आणि आपली गजलक्ष्मी! त्या काळच्या जुन्नरकरांना यात काही विसंगत वाटले नसावे. आपल्यालाच ते वाटते, ही आपल्या काळाची अडचण.

दानांत पाण्याची टाकी वारंवार येतात. उन्हाळ्यात या कातळावर उभे राहिले की त्याचे कारण विचारावे लागत नाही. खडकात पाणी साठविण्याची हीच विद्या पुढे गडकऱ्यांच्या कामी आली.

भिक्षू गेल्यावर डोंगर ओस पडले नाहीत. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, वीस खोल्यांच्या आणि मधे एकही खांब नसलेल्या विहारात, गिरिजात्मज गणपती बसला आणि ते स्थान अष्टविनायकांत गेले. तुळजा लेण्यांत देवी आली. शेजारीच बारा अष्टकोनी खांबांनी वेढलेला स्तूप घुमटाखाली उभा आहे. वर्तुळाकार चैत्याचा असा नमुना फार दुर्मिळ. देवांनी लेणी बळकावली अशी तक्रार कोणी करतात. आम्हांला तसे वाटत नाही; दिवा लागत राहिला म्हणून वाट मोडली नाही. मात्र गणपतीला जाणाऱ्याने शेजारच्या सहाव्या लेण्यात वळू नये, हे आम्हांला खटकते. सुलसदत्ताचे नाव तेथेच आहे.

मानमोडीच्या अंबा-अंबिका गटातील मोठे चैत्यगृह तर पुरेही झाले नाही. पण त्या अर्धवट दर्शनी भिंतीवरच लोकांनी आपली दाने कोरून घेतली: कोणी इतकी निवर्तने शेत दिले, कोणी करंजाच्या झाडांसाठी ठेव ठेवली.