उजनीचे पाणी आणि थांबवण्याचा अधिकार

१/ २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली होडी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहान मुले होती. वारा हे तात्कालिक कारण होते. त्यामागचा इतिहास मात्र चार दशकांहून जुना आहे.

२/ भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी साठवणीच्या या जलाशयाने, म्हणजे यशवंतसागराने, इंदापूर, दौंड, करमाळा आणि कर्जत तालुक्यांतील नदीकाठ व्यापला. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. पाणी ओसरले की ते आजही उघडे पडते. इंदापूरच्या उसाला पाणी मिळाले, पण समोरासमोरची गावे एकमेकांपासून तुटली.

३/ पूर्वी उन्हाळ्यात भीमेचे पात्र आटे आणि उतारावरून पलीकडे जाता येई. आता त्याच जागी मैलभर रुंद, खोल पाणी आहे. बाजार, दवाखाना किंवा कॉलेजसाठी इंदापूर, भिगवण, बारामती गाठायचे तर रस्त्याने मोठा वळसा पडतो. होडी ही इथल्या माणसांची हौस नव्हती. बुडालेल्या वाटेची ती जागा भरून काढत होती.

४/ कायदा नव्हता असे मात्र नाही. मुंबई इलाख्यात नदीवरील नावांच्या वाहतुकीसाठी १८६८ सालीच कायदा झाला. वाफेच्या नौकांसाठी १९१७ चा अंतर्देशीय कायदा आला. त्याची जागा आता २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली आहे. नोंदणी, तपासणी, प्रवाशांची सुरक्षितता हे विषय कागदावर जुनेच आहेत. कायदा पुस्तकातून काठापर्यंत पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे.

५/ मे महिन्यातील वळीव हे या भागातले ओळखीचे संकट. दुपारच्या उन्हाने तापलेल्या हवेत उंच ढग चढतात. त्यांतून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून वाऱ्याच्या झोताने पसरते. विस्तीर्ण पाण्यावर त्या झोताला अडवणारे काहीच नसते. लाटा पाहता पाहता वाढतात. काठावर ढग दिसत असतानाच निर्णय व्हायला हवा. मध्यावर पोहोचल्यावर निवड उरत नाही.

६/ त्याच्या दोन वर्षे आधी, २४ मे २०२२ रोजी, मालवणजवळच्या तारकर्लीत स्कुबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. एकीकडे पर्यटन, दुसरीकडे रोजची गरज. प्रसंग निराळे, पण प्रवाशाची स्थिती एकच: पाण्याचा अंदाज त्याला नसतो, म्हणून तो दुसऱ्याच्या निर्णयावर विसंबतो.

७/ १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी श्वसनयंत्र घडवल्यावर पाणबुडीचा छंद जगभर पसरला. अनुभवातून, अनेकदा मृत्यूंतून, त्याची शिस्त घडली. रात्रीच्या बुडीसाठी ती अधिक कठोर असते: जागा आधी दिवसा पाहिलेली असावी, दिव्यासोबत दुसरा दिवा असावा, हवेचा राखीव साठा ठरलेला असावा, जोडीदार नजरेआड होऊ नये, उतरणारे आणि परतणारे मोजले जावेत. या साऱ्यांच्या वर एक नियम आहे: शंका आली की प्रशिक्षकाने बूड रद्द करावी, आणि त्यासाठी कुणीही त्याला दोष देऊ नये.

८/ उजनीच्या काठावर हा अधिकार कुणाचा होता? एका फेरीच्या कमाईवर पोट असलेल्या नावाड्याने एकट्याने ‘आज नाही’ म्हणावे, ही अपेक्षा सोपी पण अपुरी आहे. त्याच्या पाठीशी हवामानाचा इशारा, होडीची नोंद, प्रवाशांची मर्यादा, जीवरक्षक जाकिटे आणि फेरी थांबवणारी यंत्रणा असावी लागते.

९/ होडी उलटल्यावर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पाण्यात शोध घेत होते. बचावाची शिस्त होती, प्रवासाची नव्हती. शिरसोडी–कुगाव पुलाला आता शासनाची मंजुरी आहे. तो उभा राहील तेव्हा धरणाने तोडलेली वाट परत मिळेल. तोवर ज्यांनी पाणी अडवले, त्यांच्यावरच ते सुरक्षितपणे ओलांडू देण्याचीही जबाबदारी आहे.