कुलूप आपले, किल्ली परक्याची

दक्षिण कोरियात ग्योंगजू नावाचे प्राचीन नगर आहे. सिल्ला राजवंशाची ही राजधानी. जुन्या राजांच्या समाध्या पाहायला तेथे प्रवासी जातात. याच नगरातल्या एका उपाहारगृहात २०२२ साली नवाच समाधिदगड उभा राहिला. तो कोणा माणसाचा नव्हता. 'इंटरनेट एक्सप्लोरर' या ब्राउझरचा होता! मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी १५ जूनला त्याला निरोप दिला, आणि एका संगणक अभियंत्याने चार लाख तीस हजार वॉन खर्चून हा दगड घडवून घेतला.

वाचकांना हसू येईल. पण या थट्टेच्या पोटात वीस वर्षांची व्यथा आहे.

गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली. बळकट सांकेतिक कुलपे परदेशी पाठवण्यास अमेरिकेची बंदी होती. बाहेर जाणाऱ्या ब्राउझरमध्ये कुलूप असे, पण लेचेपेचे. पेढीचे व्यवहार त्यावर कसे सोपवावेत? कोरियाने १९९८ मध्ये 'सीड' नावाची स्वतःची सांकेतिक पद्धत रचली, १९९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदा केला. स्वाभिमानाला शोभेल असेच हे पाऊल होते.

मात्र ही पद्धत ब्राउझरमध्ये बसवायची कशी? त्यासाठी जे साधन सर्वत्र रूढ झाले ते 'ॲक्टिव्हएक्स'. ते मायक्रोसॉफ्टचे, आणि चालणार एक्सप्लोररमध्येच. नेटस्केप हा प्रतिस्पर्धी मागे पडला, तसा दुसरा दरवाजाच उरला नाही. पेढी, दुकान, सरकारी कचेरी, सारे त्या एका उंबऱ्याशी बांधले गेले. दुसऱ्या बनावटीचा संगणक घेणारा आपल्याच देशात परका ठरला.

गंमत पाहा. अमेरिकेने २००० सालीच ती बंदी सैल केली. रोग गेला, पण औषध सुटेना! पानोपानी 'हे साधन बसवू का?' असा प्रश्न येई आणि माणसे न वाचता 'हो' म्हणत. सुरक्षिततेसाठी केलेल्या योजनेनेच चोराला दार उघडण्याची सवय लावली.

अखेर निमित्त झाले एका कोटाचे. एका कोरियन मालिकेच्या नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना हवा होता. पण कोरियन दुकानांच्या या अटींमुळे घेता येईना. २०१४ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांनी भर बैठकीत त्याचा दाखला दिला. खरेदीतली सक्ती त्याच वर्षी उठली. सरकारमान्य प्रमाणपत्राचा खास दर्जा मात्र डिसेंबर २०२० पर्यंत टिकला.

वास्तविक वेबचा जन्म याच्या अगदी उलट रीतीने झाला होता. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' संस्थेने टिम बर्नर्स-ली यांची ही निर्मिती जगाला विनामूल्य खुली केली. नियम सर्वांसमोर, त्यांबरहुकूम कोणीही ब्राउझर करावा, कोणीही पान लिहावे.

आम्ही मास्तर माणसे. वर्गात आम्ही सांगतो, 'दुरेघी वही आणा.' दोन रेघांतले अंतर ठरलेले असले म्हणजे झाले. दुकान कोणते, हे आम्ही पुसत नाही. उद्या 'अमक्याच दुकानाची वही' म्हटले, तर ते दुकान बंद पडेल त्या दिवशी वर्गाचे शुद्धलेखन थांबेल. कोरियाने कुलूप बळकट केले यात चूक नव्हती. किल्ली कोणाच्या कनवटीला राहणार, हे विचारायचे तेवढे राहून गेले.