तळटीप : ‘डायनर’
१. लेखक मुलाबाळांसह बर्गर खावयास ज्या चिंचोळ्या, चकचकीत पत्र्याच्या उपाहारगृहात शिरतात, ते पुष्कळांना वाटते तसे रेल्वेच्या निकामी डब्याचे रूपांतर नसून, १८७२ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहरी वॉल्टर स्कॉट यांनी वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर, रात्रपाळीच्या लोकांसाठी उभ्या केलेल्या घोडागाडीचे वंशज होय. पुढे अशी गृहे कारखान्यात सबंध बांधून मुक्कामी रवाना होत. अरुंद घाट त्यामुळेच. ओट्यालगतची फिरती गोल आसने आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तापल्या लोखंडी पत्र्यावर चरचरणारी गोमांसाच्या खिम्याची चपटी वडी, यांतच त्या स्थळाचा खरा जिव्हाळा साठलेला आहे. पहिल्या आवृत्तीतील ‘हॉटेल’ हा शब्द त्यास न्याय देत नसल्याने येथे ‘डायनर’ हाच शब्द कायम केला आहे. — संपादक