फलकामागची सनद : रत्नागिरीत लेखापाल निवडताना

रत्नागिरीच्या बाजारपेठेतून फेरफटका मारला, की 'कर सल्लागार', 'अकाउंटंट', 'विवरणपत्र भरून मिळेल' असे फलक नजरेस पडतात. या प्रत्येक फलकामागे सनद असतेच असे नाही आणि प्रत्येक कामासाठी ती लागतेच असेही नाही. मात्र जिथे ती कायद्याने आवश्यक आहे, तिथे चुकीच्या माणसाची स्वाक्षरी घेतल्यास अहवाल निरुपयोगी ठरतो आणि दंडाचा भुर्दंड व्यावसायिकालाच सोसावा लागतो.

कोणते काम कोणाचे?

सनदी लेखापाल, अर्थात चार्टर्ड अकाउंटंट, ही उपाधी १९४९ च्या कायद्यानुसार केवळ 'आयसीएआय' या संस्थेच्या सदस्यांनाच लावता येते. परंतु सदस्यत्व वेगळे आणि व्यवसाय प्रमाणपत्र वेगळे. बँकेत किंवा कारखान्यात नोकरी करणारा सदस्य सनदी लेखापाल असला, तरी व्यवसाय प्रमाणपत्राशिवाय त्याला लेखापरीक्षण अहवालावर स्वाक्षरी करता येत नाही.

कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि प्राप्तिकर कायद्याखालील कर लेखापरीक्षण ही व्यवसाय प्रमाणपत्रधारक सनदी लेखापालाचीच कामे. व्यापाराची वार्षिक उलाढाल एक कोटी रुपयांवर गेल्यास सर्वसाधारणपणे कर लेखापरीक्षण करावे लागते. रोखीची जमा आणि रोखीचे देणे प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आत असल्यास ही मर्यादा दहा कोटी आहे. सहकारी पतसंस्था वा गृहनिर्माण संस्थेला मात्र सहकार विभागाच्या मान्यताप्राप्त नामतालिकेतूनच लेखापरीक्षक नेमावा लागतो. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरही भरू शकतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर त्यांची जिल्हावार यादी पाहता येते. पगारदाराचे साधे विवरणपत्र तर करदात्याला स्वतःही भरता येते.

रत्नागिरीचे हिशेब

स्थानिक लेखापाल हवा, तो केवळ कार्यालय जवळ पडते म्हणून नव्हे. इथल्या उत्पन्नाचे प्रकारच निराळे आहेत. स्वतःच्या बागेतील हापूस विकून मिळालेले पैसे शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त असतात. मात्र अन्य उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्नही हिशेबात धरले जाते. त्याच आंब्याचा रस काढून डबाबंद केला, की प्रक्रियेवरचा नफा व्यवसायाचे उत्पन्न होतो. मशागत न करता झाडावरचे उभे पीक विकत घेऊन नफ्याने विकणाऱ्यालाही शेतीची सवलत मिळत नाही. मिरकरवाड्याच्या बंदरात उतरणारी मासळीही शेतीत मोडत नाही. मच्छीमारी हा करपात्र व्यवसायच आहे.

जहाजावर किंवा आखातात नोकरी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो वर्षातले किती दिवस भारतात राहिला, यावर त्याचे निवासी वा अनिवासी असणे ठरते. गणपतीपुळ्यात घरगुती निवास चालवणाऱ्याने सेवांची उलाढाल वीस लाखांकडे सरकू लागली, की जीएसटी नोंदणीचा विचार करायला हवा. म्हणूनच पहिल्या भेटीत 'आमच्यासारख्या धंद्याचे काम आपण पाहता का?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

पडताळणी कशी करावी?

सनदी लेखापालाचा सदस्य क्रमांक सहा अंकी असतो. त्याच्या फर्मलाही स्वतंत्र नोंदणी क्रमांक असतो. पश्चिम विभागातील फर्मच्या क्रमांकाअखेर 'डब्ल्यू' हे अक्षर येते. आयसीएआयच्या संकेतस्थळावर सदस्याचा शोध घेता येतो. संस्थेच्या पश्चिम विभागीय परिषदेची शाखा रत्नागिरीतही असल्याने तिथेही चौकशी करता येते.

याखेरीज प्रत्येक प्रमाणपत्रावर वा लेखापरीक्षण अहवालावर 'यूडीआयएन' हा अठरा अंकी क्रमांक असावा लागतो. २०१९ मध्ये तो टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला. बँकेच्या कर्जासाठी मिळालेले प्रमाणपत्र खरे आहे की नाही, हे त्या क्रमांकावरून कोणालाही तपासता येते.

शुल्क आणि सावधगिरी

परिपत्रके वा जाहिराती काढून ग्राहक मिळवण्यास सनदी लेखापालांना कायद्याने मज्जाव आहे. त्यामुळे मोठ्या जाहिरातीवरून लेखापालाची पारख करता येत नाही. ओळखीचे व्यापारी, बागायतदार संघ, बँकेचे अधिकारी यांच्याकडील विचारपूस अधिक उपयोगी पडते. काही ठरावीक अपवाद वगळता नफ्याच्या टक्केवारीवर किंवा कामाच्या निकालावर शुल्क घेण्यासही त्यांना मनाई आहे. शुल्क किती आणि त्यात कोणती कामे येतात, हे आधीच लेखी ठरवून पावती घ्यावी.

'परतावा मिळवून देतो, त्यातला हिस्सा द्या' असे म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावे. खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध प्राप्तिकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभर मोहीम उघडली होती. खोटी माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो आणि तो करदात्यालाच भरावा लागतो. विवरणपत्र कोणीही तयार केलेले असो, त्यातील मजकुराची जबाबदारी करदात्याचीच असते. म्हणून परवलीचा शब्द, ओटीपी आणि डिजिटल स्वाक्षरीचे साधन स्वतःजवळ ठेवावे. भरलेल्या विवरणपत्राची प्रत व पोचपावती दरवर्षी मागून घ्यावी.

लेखापरीक्षक बदलायचा असल्यास नव्याने काम स्वीकारणाऱ्याला आधीच्या लेखापरीक्षकाशी लेखी संपर्क साधावा लागतो. त्याचे शुल्क थकलेले असेल, तर आधी ते चुकते करावे. गैरवर्तनाची तक्रार आयसीएआयच्या शिस्तपालन संचालनालयाकडे करता येते. सनद नसलेल्या मध्यस्थाविरुद्ध ही वाट उपलब्ध नसते.

लेखापालाचा शोध विवरणपत्राच्या अखेरच्या आठवड्यात सुरू करू नये. त्या गर्दीत कोणाचेच कागद नीट पाहिले जात नाहीत. आंब्याचा हंगाम सरून पाऊस लागण्याच्या सुमारास बागायतदाराला थोडी उसंत मिळते. हिशेबाच्या वह्या, बँकेची खातेउतारे आणि मागील तीन वर्षांची विवरणपत्रे घेऊन लेखापालाला भेटण्यास तेच दिवस सोयीचे.