उंदीर, वात आणि माहितीपुस्तिका

आमच्या घराण्यात ग्रंथलेखन कुणी केलेलं नाही. वडिलांनी जन्मभर उधारीची वही लिहिली, मी व्हाउचरं लिहितो. त्यामुळे बँकेने मला पाच दिवसांच्या 'तांत्रिक लेखन' वर्गाला पाठवलं, तेव्हा सौ.ने शेजारीपाजारी "यांचं पुस्तक येतंय" असं जाहीर करून टाकलं. पुस्तक खरंच यायचं होतं. विषय होता पासबुक छापण्याचं यंत्र. ग्राहकाने ते कसं वापरावं याची पुस्तिका लिहायची, आपल्या शाखेत महिनाभर वापरून पाहायची आणि मग पूर्ण झाली म्हणून पाठवायची.

मी २२ पानं लिहिली. पहिलं वाक्य "सदर यंत्राचा वापर करू इच्छिणाऱ्या खातेदाराने" असं सुरू होऊन दुसऱ्या पानावर दम घेत होतं. मेहकर तालुक्यातल्या आमच्या शाखेत मी ती पुस्तिका सुतळीने यंत्राशेजारी टांगली आणि पंचांग टांगल्याच्या समाधानाने जागेवर येऊन बसलो.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी माझ्या खिडकीशी आली. पीकविम्याचे पैसे जमा झाले का, एवढंच तिला बघायचं होतं. त्यासाठी तिची ही चौथी खेप. चार दिवसांची मजुरी बुडालेली. "बावा, थे डबडं माही वही वापस फेकते," ती म्हणाली. तिने पासबुक उलटं घातलं होतं. "आजी, तिथं लिहिलंय ना सगळं?" मी म्हटलं. तिने सुतळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "थे तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी नाई." बी.कॉम.च्या कुठल्याही पेपरात मला इतके कमी गुण पडले नव्हते.

चूक सापडली की कारकून आधी जुनी फाइल काढतो. मीही इतिहासात शिरलो. आपल्या या धंद्याचा मूळपुरुष हेमाडपंत. तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा तो श्रीकरणाधिप, म्हणजे सगळ्या दप्तराचा मुख्य. आमच्या जिल्ह्यात चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेलं कुठलंही जुनं देऊळ दिसलं की लोक 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. त्यातली कित्येक त्याच्याही आधीची आहेत, पण हेडक्लार्कच्या नावावर काय काय खपतं हे मी वेगळं सांगायला नको. मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा परंपरेने त्याच्याच खात्यावर जमा केली आहे. व्रतं, दानं, तीर्थं यांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा प्रचंड संस्कृत ग्रंथ. कोणत्या तिथीला काय करावं याची ती माहितीपुस्तिकाच, आणि पानांच्या बाबतीत माझ्या २२ पानांची आजी शोभेल अशी! शिवाय त्याच्या नावावर 'मेस्तक' सांगितलं जातं. कारकुनाने कागद कसा लिहावा, कुणाला कोणता मायना घालावा, याचे धडे त्यात. म्हणजे 'सदर' हा आजार मला वारशानेच आलेला होता.

पण त्यावरचा उताराही आमच्याच आजोळी निघाला. आजोळ जिल्ह्याचं नव्हे, शिवाजी महाराजांचं. जिजाऊंचा जन्म १५९८ चा, सिंदखेडराजाचा. तिथलं जाधव घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवतं, तेव्हा हेमाडपंताच्या मालकांशीही नातं जुळलंच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या जरा आधी, उन्हाळ्यात, चिपळूणकडे मुक्काम केलेल्या घोडदळाला महाराजांचं एक पत्र गेलं. ते जुमलेदार-हवालदारांना आहे आणि, अभिमानाने सांगतो, कारकुनांनाही आहे.

पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागवत बेताने वापरा, एवढाच मुद्दा. मी असतो तर 'काटकसरीचे धोरण अवलंबावे' असं लिहून सही केली असती. महाराज तसं लिहीत नाहीत. आत्ताच सगळं उधळलंत तर ऐन पावसात दाणा मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं ते सांगतात. मग तुम्ही शेतकऱ्याच्या घरात शिराल, कुणी धान्य आणेल, कुणी भाजी; लोकांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. आगीचंही तसंच. 'आगीपासून सावध राहावे' असं तिथं नाही. कुणी भलत्या जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जाईल. मग कुणावर कितीही ओरडलात तरी पागा पुन्हा उभी करायला लाकूड मिळायचं नाही.

मी त्या उंदरापाशी थांबलो. राज्य उभं करणारा माणूस वात ओढणाऱ्या उंदरापर्यंत विचार करतो, आणि मी म्हातारी पासबुक उलटं घालेल एवढासुद्धा केला नाही! माझ्या २२ पानांत यंत्र होतं, नियम होते, मी तर पानोपानी होतो. फक्त वापरणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी यंत्राशेजारी वही घेऊन उभा राहिलो. एकाने पासबुक मिटूनच सारलं. दुसऱ्याचा बारकोड प्लॅस्टिकच्या कव्हराखाली झाकलेला. तिसऱ्याने छपाई चालू असताना पासबुक ओढलं. चौथ्याने एटीएमचं कार्ड घालून पाहिलं. हे चार उंदीर मी लिहून घेतले आणि त्यांच्यावरून चार ओळी केल्या. कव्हर काढा. शेवटचं छापलेलं पान उघडा. चित्रातल्यासारखं धरून घाला. आवाज थांबेपर्यंत ओढू नका, नाहीतर पान फाटेल. मोठी अक्षरं, बाजूला चित्र. एक पान.

पुढच्या आठवड्यात म्हातारी आली. मी मुद्दामच जागेवरून उठलो नाही. तिने चित्र पाहिलं, पासबुक फिरवलं, घातलं. यंत्र करकरलं. आकड्यांवरून तिने बोट फिरवलं. पैसे आले नव्हते. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "नाई आले तर नाई आले बावा. विचारत तर फिरा नाई लागलं."

एक पान मी पाठवून दिलं. "यात तुमचं नाव कुठंय?" सौ.ने विचारलं. तिला ग्रंथकाराची बायको व्हायचं होतं. ती २२ पानं मी रेकॉर्डरूममध्ये ठेवून दिली होती. परवा पाहिलं तर त्यातली नऊ उंदरांनी कुरतडलेली. चला, कुणीतरी निम्म्याच्या जवळपास पोचलं!