कर कोणाचा, हिशेब कोणाला?

अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाला सोन्याचें मोल आलें आणि पोटामागें आलेल्या माणसांनीं मुंबई फुगली. १८६४ च्या खानेसुमारींत वस्ती ८ लाखांवर भरली. १८६५ पासून म्युनिसिपल कमिशनर असलेल्या आर्थर क्रॉफर्डसाहेबांनीं रस्ते, गटारें, मंडई यांचा सपाटा लावला. परंतु खर्चाला लगाम राहिला नाहीं. १८७१ मध्यें करदाते खवळले. दोष व्यक्तीचा नसून व्यवस्थेचा आहे, असें २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनीं बजावलें. १८७२ च्या कायद्यानें ६४ पैकीं ३२ सभासद करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. तथापि मत मिळालें तें वर्षाला ५० रुपये कर भरणारांनाच! ज्या नवागतांना त्या गटारांची सर्वांत अधिक गरज, त्यांना हिशेब विचारण्याचा अधिकार मात्र लाभला नाहीं.