मोगलीची लंगोटी

मोगली म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? विस्कटलेले केस आणि कमरेला तांबडी लंगोटी. पण रुडयार्ड किपलिंगचं मूळ पुस्तक, १८९४ सालचं ‘द जंगल बुक’, उघडून पाहा. लांडग्यांच्या गुहेत येतं ते नुकतंच चालू लागलेलं, उघडंनागडं पोर. अंगावर केस नाहीत म्हणून लांडगीण त्याला बेडूक म्हणते. जंगलात कुणीच कपडे घालत नाही, तेव्हा लाजायचं कुणाला?

कपडा येतो तो गावात. मेसुआ नावाची बाई मोगलीला आपला हरवलेला मुलगा समजून घरात घेते आणि पहिल्यांदा त्याला कमरेभोवती कापड गुंडाळावं लागतं. त्याला ते भयंकर टोचतं. मग पैसा काय असतो ते शिकायचं, नांगर शिकायचा. त्यानंतर येते जात. कुंभाराचं गाढव चिखलाच्या खड्ड्यात घसरतं आणि मोगली ते शेपटीला धरून बाहेर ओढतो. कुंभार खालच्या जातीचा, म्हणून गावाचा पुजारी त्यालाच रागावतो. म्हणजे कपडा हा माणसांच्या नियमांपैकी पहिला. बाकीचे त्याच्या मागोमाग येतात. शेरखानला मारल्यावर हेच गाव त्याला दगड मारून हाकलतं. कापड गुंडाळूनही तो गावाचा झाला नाही.

किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. मोगलीच्या गोष्टी मात्र त्यानं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये बसून लिहिल्या. त्यातलं रान सिवनीचं आणि नदी वैनगंगा, तीच पुढे आपल्या भंडारा-गडचिरोलीतून वाहते.

पुढे या नागड्या पोराला कपडे चढत गेले. १९१६ साली बेडन-पॉवेल यांनी लहान मुलांच्या स्काउट पथकासाठी किपलिंगच्याच गोष्टींचा आधार घेतला. त्या ‘वुल्फ कब’ मुलांना हिरवी, पिवळ्या रेघांची टोपी आणि गणवेश मिळाला. ज्या पोराला एक कापड सोसवत नव्हतं, त्याच्या गोष्टीतून गणवेश निघाला!

सिनेमाची अडचण वेगळी. हॉलिवूडमध्ये १९३४पासून नैतिक संहितेची कडक अंमलबजावणी होती आणि पडद्यावर नग्नतेला मनाई होती. १९४२च्या चित्रपटात म्हैसूरकडच्या माहुताचा मुलगा साबू मोगली झाला, तो लंगोटी लावूनच. १९६७ साली डिस्नेनं ती तांबडी केली. त्या चित्रपटात मोगली पाणी भरणाऱ्या मुलीच्या मागे गावात जातो, तेव्हाही अंगावर तेच वस्त्र. जंगल सोडलं तरी कपडा बदलत नाही, कारण तो आधीपासूनच आहे. १९९४च्या चित्रपटात साहेबी पोशाख आला. २०१६मध्ये जंगल संगणकावर उभं राहिलं, लांडगे आणि अस्वलही संगणकाचेच. पण तांबडी लंगोटी टिकून राहिली.

आपल्याकडे १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपानी मालिका हिंदीत आली. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचं. त्यांनी चड्डी घातलेल्या पोरालाच फूल म्हटलं आणि घराघरांतली मुलं ते गाऊ लागली.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा लंगोटीचं काय घेऊन बसलात? सांगतो. मी मराठीत कविता लिहितो. एका कविसंमेलनात निवेदकानं मला प्रेमानंच विचारलं, “टोपी नाही आणलीत? लोकांना ओळखायला बरं पडलं असतं.” दुसऱ्या गावी ईदच्या दुसऱ्या दिवशी टोपी घालून गेलो, तर चहा देणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “तुम्ही उर्दूत म्हणणार ना?” दोघांच्याही मनात काही वाईट नव्हतं. पण कपडा आधी बोलतो आणि माणसाला मागाहून बोलावं लागतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून गावातलं ते पहिलं कापड गोष्टीतून निघून गेलं याचं मला वाईट वाटतं. लंगोटी जन्मापासूनची ठरली, की ती कुणी गुंडाळली हा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक गोष्ट सगळे विसरले. ‘जंगल बुक’च्या आधी, १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत किपलिंगनं मोठा झालेला मोगली रंगवला आहे. कमरेला लंगोटी आणि डोक्यावर रानवेलीच्या पांढऱ्या फुलांचा मुकुट. तो जंगलखात्यात पेन्शनीची नोकरी धरतो आणि साहेबाचा खानसामा अब्दुल गफूर याच्या मुलीशी संसार मांडतो. १८९५च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्येही मेसुआच्या दारात तो येतो तो पांढऱ्या जाईच्या मुकुटानिशी, आणि एखादा वनदेवच वाटतो.

चित्रकारांना आणि चित्रपटवाल्यांना लंगोटी लक्षात राहिली, फुलं राहिली नाहीत. मला वाटतं, मोगलीचा खरा पोशाख तीच होती. ती त्याला घालायला कुणी सांगितलं नव्हतं.